विषय : जुन्या टॅबलेटची बॅटरी बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली.

महोदय / महोदया,

‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी सुरुवात हातून आपोआप होते, कारण नोकरीची वीस वर्षं पंचायत समितीला अर्ज लिहिण्यात गेली. पण अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि तो फायलीत जातो. हे पत्र चार लोकांनी वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून उघड्यावर लिहितो.

सातारा जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षक आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, ३४ मुलं. २०१६ साली यात्रेला आलेल्या मुंबईकर मंडळींनी शाळेसाठी वर्गणी काढली. आमच्याकडे मुंबईकर म्हणजे बहुतेक जण वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहणारे माथाडी कामगार. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चं वारं होतं, जो तो शाळा डिजिटल करत होता. देवळासमोर चादर पसरली आणि त्या पैशातून १२ टॅबलेट आले. सात इंची, एकेक साधारण सात हजारांचा. नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि मी डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घेतली. त्या रजिस्टरच्या नावातच पुढचं भविष्य लिहिलेलं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

१२ पैकी दोघांच्या काचा फुटल्या. मुलांच्या हातून फुटल्या, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेले १० ठणठणीत आहेत. पडदा ठीक, टच ठीक, आवाज ठीक, मेमरी कार्डातली बालभारतीची पुस्तकं जागच्या जागी. नवी अॅप त्यांच्यावर चढत नाहीत, थोडे हळू चालतात, ते चालतं. चौथीच्या पोराला पाढे आणि गोष्टी वाचायला घोड्याचा वेग लागत नाही. अडचण एकच, बॅटऱ्या संपल्या आहेत.

२०२३ च्या जूनमध्ये सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर सगळ्यात वरच्या टॅबलेटची काच एका बाजूने चौकटीतून उचललेली. तव्यावर भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तशी. खाली बॅटरी फुगली होती. इथे माझी चूक आधी कबूल करतो. एप्रिलअखेर सगळे टॅबलेट १०० टक्के चार्ज करून लोखंडी कपाटात रचले आणि कुलूप लावलं. वर पत्रा, बाहेर मे महिना. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, ऊन आणि भरल्या पोटी पडून राहणं. दोन्ही एकदम झालं की आतलं रसायन विघटतं, वायू धरतो आणि पाकीट फुगतं. निम्म्या चार्जवर, सावलीत ठेवायला हवे होते. खोक्यावर हे छापलेलं नव्हतं, पण मीही कुणाला विचारलं नाही.

बाकीचे नऊ फुगले नव्हते, थकले होते. पडद्यावर ४० टक्के दिसायचे आणि व्हिडिओ लावला की दिवा मालवल्यासारखे बंद. याचा हिशोब मी फळ्यावर मांडून पाहिला. अशी बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते आणि तिथून उतार लागतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. रोज एक फेरा धरला तर अडीच वर्षं. आमच्या बॅटऱ्यांनी सात उन्हाळे काढले. त्यांना नाव ठेवायला जागा नाही. त्या बिघडल्या नाहीत, आयुष्य जगून संपल्या.

कुणी म्हणेल, वायर लावून वापरा. वर्गात प्लगचे सॉकेट दोन, त्यातलं एक चालू. शिवाय यातले बरेचसे टॅबलेट बॅटरीत थोडातरी जीव असल्याशिवाय नुसत्या चार्जरवर उठतच नाहीत. आणि आमच्याकडची वीज, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी एक टॅबलेट पिशवीत घालून कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या केंद्रात वेगळं उत्तर मिळालं असतं असं मला वाटत नाही. काउंटरवरच्या मुलीने मॉडेल नंबर टाकला, मान हलवली. “सर, हे मॉडेल बंद झालंय. पार्ट येत नाही. एक्स्चेंजला टाका ना.” मी म्हटलं, मला नवा नको, याची बॅटरी हवी. ती हसली. चेष्टेने नाही, तिला खरंच गंमत वाटली असावी. आमच्या लहानपणी कंदिलाची वात जळून संपली की वाण्याकडून वातीचा तुकडा आणायचे. वात मिळत नाही, नवा कंदील घ्या, असं म्हणणाऱ्या वाण्याला गावाने काय म्हटलं असतं?

मग तालुक्याला एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे गेलो. त्या पोराने टॅबलेट हीट मशीनवर ठेवला, काच हाताला चटका बसेल न बसेल इतपत तापवली आणि प्लॅस्टिकचा तिकोनी पिक कडेने घुसवला. टचची पट्टी नेमकी कुठून जाते ते त्याला माहीत नव्हतं. पिक तिथेच घुसला तर पट्टी तुटते आणि अडीचशे रुपयांच्या कामात टॅबलेट हातचा जातो. म्हणून तो सूत सूत सरकत होता. “सर, काच गेली तर माझ्यावर नाही हां,” तीनदा म्हणाला. काच निघायला ४० मिनिटं लागली. खाली बॅटरी गोंदाने पाठीला घट्ट बसवलेली. ती उचकटायला लोखंडी पातं घालायचं नसतं, पाकीट फाटलं तर पेट घेते. त्याने कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले, चहा मागवला, आणि चहा संपल्यावर प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूहळू सोडवली.

महोदय, त्या ४० मिनिटांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. चार स्क्रू असते तर ते चार मिनिटांचं काम होतं.

बॅटरीवर कंपनीचा लांबलचक पार्ट नंबर होता. बाजारात तो कुणाला ओळखीचा नव्हता. पण वरची पिवळी टेप सोलल्यावर खाली सेलवर बारीक अक्षरात ३५७०९० असा आकडा निघाला. हा त्या सेलचा सातबारा. ३.५ मिलिमीटर जाड, ७० रुंद, ९० लांब. एवढं कळलं की सेल शोधता येतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पुण्याला तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात त्याच मापाचा सेल मिळाला, वर ५००० एमएएच छापलेलं, म्हणजे चार्ज साठवायची ताकद. आमची मूळची ३००० होती. मला आनंद झाला, दीडपटीहून जास्त! गावी येऊन सोनाराच्या काट्यावर दोन्ही ठेवल्या तर नवी जुनीपेक्षा हलकी. तेवढ्याच डबीत जास्त धान्य आणि वजन कमी, हे कुठल्या गणितात बसतं? तिने ४० मिनिटं चालवून दाखवलं आणि मान टाकली. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या दुकानातून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला ३००० चा सेल आणला. ३८० रुपये.

इथे आणखी एक खोच होती. आमच्या बॅटरीला तीन तारा, बाजारच्या सेलला दोन. तिसरी तार तापमान कळवणारी. ती नसेल तर टॅबलेट चार्ज घ्यायला नकार देतो, आणि तो बरोबरच आहे. त्या पोराने जुन्या बॅटरीच्या डोक्यावरची छोटी सर्किटची पट्टी अलगद काढली आणि नव्या सेलच्या पत्र्यांना डाग देऊन बसवली. मजुरी २५० रुपये. टॅबलेट सुरू झाला, तारीख दाखवली १ जानेवारी २०१५, आणि त्या दिवसापासून रोज चार तास चालतोय.

६३० रुपयांत एक, म्हणजे दहांचे ६,३००. आम्हाला समग्र शिक्षातून ३१ ते १०० पटाच्या शाळेचं संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपये मिळतं. त्यातले १० टक्के स्वच्छतेला, उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, रंग. ६,३०० रुपये दोन वर्षांत बसवता येतात, नवे दहा टॅबलेट कधीच नाही. पण सेलवाला देतो चिठ्ठी, दुरुस्तीवाला देतो शब्द. ऑडिटला चिठ्ठी चालत नाही, शब्द तर नाहीच. पहिल्या टॅबलेटचे पैसे मी खिशातून घातले. बाकीचे नऊ अजून तसेच आहेत, एक मापासाठी उघडलेला, आठ कपाटात, आता निम्म्या चार्जवर. एका सहकाऱ्याने आपुलकीने सल्ला दिला, निर्लेखनाचा, म्हणजे निकामी ठरवून रजिस्टरातून काढण्याचा प्रस्ताव पाठवा आणि मोकळे व्हा. लोकांच्या घामाच्या पैशाच्या, चालू स्थितीतल्या वस्तूंचं निर्लेखन करायला माझा हात धजत नाही.

आता आपल्या विभागाबद्दल. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी आपण समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा दिला, त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून आहे. भाग सुटा करायला किती पायऱ्या, स्क्रू आणि हत्यारं कोणती, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, माहिती देतात का, सॉफ्टवेअर किती वर्षं पुरवतात, अशा कसोट्यांवर कंपनीने स्वतःच गुण जाहीर करायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडात दाखवायचे. चांगलं काम आहे. मनापासून म्हणतो.

पण गुण देणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून दोन गोष्टी बोलतो. पहिली, स्वतःचा पेपर स्वतः तपासायला आम्ही तिसरीच्या मुलालाही देत नाही, निदान शेजाऱ्याशी अदलाबदल करायला लावतो. दुसरी जास्त महत्त्वाची. आराखड्यातल्या महत्त्वाच्या भागांच्या यादीत बॅटरी आहे, आणि तिच्या रांगेत डिस्प्ले, पाठीचं झाकण, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट, बटणं, माइक, स्पीकर, घडीच्या यंत्रांची बिजागरी असे बाकीचे भाग. यातला प्रत्येक भाग कदाचित बिघडेल, कदाचित नाही. आमच्या दहांपैकी एकाचाही स्पीकर गेलेला नाही. बॅटरी मात्र दहाच्या दहा गेल्या, आणि जाणारच होत्या. जो भाग शंभर टक्के संपणार हे विकताना माहीत असतं, तो बिजागरीच्या रांगेत बसवून कसं चालेल? बटणाला, माइकला चांगले गुण मिळवून गोंदाने चिकटवलेल्या बॅटरीचा भोपळा झाकला जाईल. बॅटरी हा सक्तीच्या उत्तीर्णतेचा विषय करा. तिथे नापास तो सगळीकडे नापास.

चिकटवल्याशिवाय पर्याय नाही, असं कंपन्या सांगतात. जाडी वाढते म्हणतात, पाणी शिरतं म्हणतात. सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब अॅक्टिव्ह मालिकेतल्या टॅबलेटची पाठ नखाने निघते, बॅटरी हातात येते, आणि तरी ते पाण्याला दाद देत नाहीत. शेतात, गोदामात, साइटवर काम करणाऱ्यांसाठी ते बनवतात. म्हणजे हे जमतं. आमचा सात हजारांचा टॅबलेट तर पाण्यापासून सुरक्षित असल्याचा दावाही करत नव्हता. मग गोंद कुणापासून वाचवत होता?

सुरक्षेचा मुद्दाही उलटाच निघतो. ऑगस्ट २००७ आठवतो का? नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या तापतात म्हणून बातमी आली. जगभरच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा प्रश्न होता. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या दिवशी सगळे गुरुजी फोनची पाठ काढून बॅटरीवरचा नंबर वाचत बसले होते, विषयाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ज्याची बॅटरी त्या यादीत, त्याला कंपनीने बॅटरी बदलून दिली, फोन तोच राहिला. २०१६ मध्ये गॅलक्सी नोट ७ पेट घेऊ लागला, तेव्हा बॅटरी आत बंद होती. पहिल्याच फेरीत सुमारे २५ लाख फोन परत मागवावे लागले, बदलून दिलेलेही पेटले, आणि ते मॉडेलच बंद झालं. बॅटरी निघत असती तर आग लागली नसती असं मी म्हणत नाही. पण निघणारी बॅटरी सदोष ठरली तर बॅटरी जाते, चिकटवलेली ठरली तर सगळंच जातं.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून टॅबलेटना नवा नियम आहे. ८०० फेऱ्यांनंतर बॅटरीत किमान ८० टक्के ताकद उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आमच्या २०० दिवसांच्या हिशोबाने ८०० फेरे म्हणजे चार वर्षं, आणि नंतर बदलायची सोय. हे इथे आणायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. तरी तो नियमही नव्या मालाला आहे. कपाटात पडलेल्यांना ना तिथे वाली, ना इथे.

म्हणून जुन्यांपुरती माझी मागणी अगदी छोटी आहे. बंद झालेल्या मॉडेलसाठी कंपन्यांनी पुन्हा कारखाना उघडावा असं मी म्हणत नाही. गेल्या दहा वर्षांत भारतात विकलेल्या प्रत्येक टॅबलेटच्या बॅटरीचं माप, तारा किती आणि कोणती कशाची, कनेक्टर कोणता, पूर्ण चार्जचा व्होल्टेज किती, आणि काच कुठल्या बाजूने उघडायची, एवढं एका पानावर जाहीर करायला लावा. आपलं पोर्टल आहेच, त्यावर टाका. यातलं व्होल्टेजचं तर फार गरजेचं आहे. काही सेल ४.२ व्होल्टला भरतात, काही ४.३५ ला. दिसायला जुळे भाऊ. ४.३५ ला भरणाऱ्या टॅबलेटात ४.२ चा सेल बसवला तर तो रोज थोडा जास्त भरला जाणार, आणि पहिलीतल्या पोराच्या मांडीवर फुगणार. एसटी स्टँडसमोरच्या त्या पोराला हे कुणी सांगितलेलं नाही. तो अंदाजाने बसवतो, आणि त्याच्याशिवाय आम्हाला कुणी नाही. माहिती उघडी झाली की इथलाच कुणी बॅटरीवाला बीआयएसच्या चिन्हासकट तो सेल बनवेल, पावतीसकट विकेल, आणि माझं ऑडिटही सुटेल.

आणि एक. ती फुगलेली बॅटरी, आणि ५००० वाली ठकसेन, दोन्ही शाळेच्या लाल बादलीत वाळूत पुरून ठेवल्या आहेत, इमारतीपासून लांब. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची. भंगारवाला फुगलेलीला हात लावत नाही, टॅबलेटसकट द्या म्हणतो. उत्पादकाचा माणूस आमच्या डोंगरात येईल तेव्हा येईल. तोवर मुलांना सांगून ठेवलंय, त्या बादलीकडे फिरकायचं नाही.

माप घेण्यावरून आठवलं. दुसरा टॅबलेट मी उघडून घेतला, बॅटरी दुकानातच काढून घेतली आणि रिकामी चौकट वर्गात आणली. तिच्या सेलवरचा आकडा पुसलेला होता. बॅटरी एव्हाना थोडी फुगलेली, त्यामुळे तिची जाडी दुकानात मोजूनही उपयोग झाला नव्हता. मी फळ्यापाशी उभा राहून हे मुलांना सांगत होतो, तर चौथीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मग खड्डा मोजा की. बॅटरी कशाला मोजता?” चौकटीत बॅटरी बसायचा खड्डा होता. तो काही फुगत नाही. मोजपट्टी लावली, लांबी-रुंदी लगेच आली. खोलीसाठी तिने कागद एकावर एक रचून खड्डा काठोकाठ भरला, ते कागद बाहेर काढून गठ्ठ्याची जाडी मोजली. साडेतीन मिलिमीटर.

कंपनीकडून तो कागद येईपर्यंत आमच्याकडचा पाठवतो. आपल्या पोर्टलवर या मॉडेलपुढे जागा रिकामी असेल तर लावावा.

आपला विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षक,
जिल्हा परिषद शाळा, जि. सातारा

सोबत : इयत्ता चौथीने काढलेली बॅटरीच्या खड्ड्याची आकृती, मापांसह. पाने १.